अर्धं तुझं

बंदरावर वादळाचा आठ नंबरचा बावटा लागला तसे पूल बंद झाले, आणि 'नऊ समुद्र' हॉटेलच्या फुकट बसगाड्या तळघरात मुकाट उभ्या राहिल्या. वर पाहुण्यांना याची फारशी झळ नव्हती. कॅसिनोला खिडकी नसते. बाहेर वादळ आहे की पहाट, हे तिथल्या गालिच्याला कळत नाही. खाली कामगारांच्या खाणावळीत मात्र वारा जिन्यावरून घुमत उतरत होता, आणि घरी जायला न मिळालेली माणसं पेजेच्या वाट्या पुढे घेऊन बसली होती.

कोपऱ्यातल्या टेबलावर पांगकाका होते. त्यांची उभी हयात फुकट बस चालवण्यात गेलेली. सीमेच्या फाटकापासून हॉटेलपर्यंत, हॉटेलपासून फाटकापर्यंत. येताना बडबडणारी माणसं आणि जाताना गप्प बसणारी माणसं, एवढंच जग मी पाहिलं, असं ते म्हणायचे. त्यांच्यासमोर नव्या भरतीतली दोघं बसली होती. कुआन नुकताच पत्ते वाटायला शिकला होता आणि त्याला कशाचंही हसू यायचं. मेंग दार आपटलं तरी दचकायची, आणि दचकल्याची तिला लाज वाटायची.

कुआनने शेजारच्या खुर्चीवर पाय टाकला होता. कुणी जागा मागायला आलं की तो गंभीर चेहऱ्याने सांगायचा, धरलेली आहे. गंमत पुरी व्हावी म्हणून त्याने त्या खुर्चीपुढे चहाचा एक कपही ठेवला.

पांगकाका पेज खायचे थांबले.

"पाय काढ," ते म्हणाले. "आणि तो कप उचल."

"गंमत आहे हो, काका."

"सुरुवातीला गंमतच असते. जागा धरायची तर नावगाव असलेल्या माणसासाठी धरावी, बाळा. कुणासाठी धरतोय ते आपल्यालाच ठाऊक नसेल, तर धरू नये."

कुआनने पाय काढला, पण हसतहसत. कप तसाच राहिला. का धरू नये, असं मेंगने विचारलं, आणि विचारल्या क्षणी तिला वाटलं, उगाच विचारलं.

पांगकाकांनी पेजेची वाटी बाजूला सारली. मग म्हणाले, ही कुठे तरी ऐकलेली गोष्ट नव्हे. जिच्यावर बेतली ती आमच्या गल्लीतली. तिने स्वतः सांगितली, आणि मधला एक तुकडा तर माझ्याच बसमध्ये घडला. ऐकायची असेल तर ऐका. पण मध्ये हसायचं नाही.

तिचं नाव लाओ सोक हान. याच हॉटेलात, वरच्या मजल्यावर, बाकारा या पत्त्यांच्या जुगाराच्या टेबलावर ती डीलर होती. वडील लवकर गेलेले. घरात आई आणि धाकटा भाऊ, ची सेंग. सेंग मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात कामाला होता. पोरगा वाईट नव्हता. आईला हाताला धरून जिना चढवायचा, गल्लीतल्या म्हाताऱ्यांचे फोन फुकट दुरुस्त करून द्यायचा. फक्त त्याच्या डोक्यात एक गोष्ट बसली होती. नशीब म्हणजे उशिरा येणारी बस, असं त्याला वाटायचं. आपण थांब्यावरून हललो की ती हमखास येऊन जाणार. म्हणून एकदा बसला की तो हलायचा नाही.

त्या वर्षी आपल्या चिनी पंचांगातल्या सातव्या महिन्याची चौदावी रात्र शुक्रवारी आली. ज्या मेलेल्यांना मागे कुणी उरलेलं नाही ते त्या रात्री भुकेने हिंडतात, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. सोक हानच्या आईने सकाळीच बजावून ठेवलं होतं. सुटलीस की भाजलेलं बदक घे, आणि येताना सेंगला घेऊन ये. बुधवारपासून तो घरी आलेला नाही. मी रस्त्याच्या कडेला परक्यांचं पान मांडणार, त्यांच्यासाठी कागदी कपडे जाळणार. पण आपलं माणूस बाहेर असताना परक्यांना कसं वाढू?

काम एवढंच होतं. बदक आणि भाऊ.

सोक हानची कामाची पाळी संपली. टेबल सोडताना तिने रीतीप्रमाणे दोन्ही तळहात उलटसुलट करून वरच्या कॅमेऱ्याला दाखवले, गणवेश बदलला आणि हॉटेलच्या मागच्या गल्लीत गेली. दुकानदाराने बदक तोडून पुठ्ठ्याच्या डब्यात घातलं, वर लाल दोरी बांधली आणि म्हणाला, शेवटचंच राहिलं होतं, आज मेलेल्यांचीही गर्दी आहे. ती हसली. डबा हाताला गरम लागत होता. दुकानातल्या घड्याळात साडेदहा वाजले होते.

सेंग तिच्याच हॉटेलात बसला आहे हे तिला ठाऊक होतं. तेच तर जिवाला लागलं होतं. पाळीवर असताना ओळखीच्या गिऱ्हाइकाशी बोलायचं नाही, हा हॉटेलचा नियम. पाळीवर नसताना जुगाराच्या दालनात पाऊल टाकायचं नाही, हा सरकारचा कायदा. म्हणजे सख्खा भाऊ डोळ्यांसमोर बसलेला असला, तरी त्याच्यापर्यंत पोचायचं कधी? दिवसभर ती पलीकडच्या दालनात पत्ते वाटत होती आणि मनातल्या मनात त्याच्याशी भांडत होती.

ती दुकानांच्या वाटेने निघाली. तुम्ही रोज बघता ती वाट. वर रंगवलेलं आभाळ, खाली खोटा कालवा. तिथे कायम संध्याकाळ असते, दिवे लागायच्या जरा आधीची. पाहुणे त्या आभाळाखाली फोटो काढत होते. एक लहान मूल आईला विचारत होतं, इथे रात्र कधी होते? आई म्हणाली, होत नाही.

संगमरवर संपतो आणि लाल गालिचा सुरू होतो, तिथे गुरुंग उभा होता. नेपाळी गार्ड, सरळ माणूस. येणाऱ्याचं वय आणि ओळखपत्र बघायचं त्याचं काम. तिला तो रोज दीदी म्हणायचा.

"दीदी, तू आता आत नको येऊस," तो हळूच म्हणाला. "वरून बघतात."

ती म्हणाली, येत नाही, फक्त भावाला बोलावून दे. गुरुंगने मान हलवली. जागा सोडली तर त्याचीही नोकरी जायची. त्याने वॉकीटॉकीवरून आत विचारलं. उत्तर यायला वेळ लागला. आलं तेव्हा अगदी गोड आवाजात आलं. पाहुणे जिंकत आहेत. त्यांना कुणी व्यत्यय आणू नये. त्यांना काही कमी पडत नाही.

खरंच काही कमी पडत नव्हतं. सेंगच्या पाठीला हॉटेलने उशी दिली होती. शेवयांचा वाडगा टेबलापाशी आणून दिला होता. वर समुद्राकडची खोली फुकट दिली होती. तिथे तो अजून गेलाच नव्हता, पलंगाशी ठेवलेल्या सपाता पिशवीतून निघाल्या नव्हत्या. जिंकणाऱ्याचे लाड करायचे असतात, पोरांनो. तो उठला तर जिंकलेलं घेऊन जातो. बसला तर सगळं हॉटेलातच.

सोक हान गालिच्याच्या काठावर उभी राहिली. डब्याची दोरी बोटात रुतत होती. तिसऱ्या टेबलावर सेंग पाठमोरा दिसत होता. तोच निळा शर्ट, बुधवारी घालून गेलेला. केस चिकटलेले. तो पुढे वाकून पत्त्याचा कोपरा अंगठ्याने उचलत होता, हळूहळू, सालपट काढावं तसा.

त्याच्या डाव्या हाताला एक माणूस बसला होता.

पाठच दिसत होती. अरुंद खांदे, पांढरट सदरा, ओले करून बसवल्यासारखे केस. त्याने आपला हात सेंगच्या डाव्या खांद्यावर ठेवला होता.

तिला आधी भीती नाही वाटली, राग आला. कॅसिनोत नवी पोरगी कामाला लागली की पहिल्या दिवशी शिकते ते हे, की खेळणाऱ्याच्या खांद्याला हात लावायचा नाही. बायकोही लावत नाही. माणसाच्या डोक्यावर एक आणि दोन खांद्यांवर दोन, असे तीन दिवे असतात. हात पडला की दिवा फडफडतो आणि नशीब उठून जातं. मागच्या वर्षी एकाने चुकून सेंगच्या खांद्याला हात लावला, तर सेंग मारामारीवर आला होता. आणि आता हा हात तिथे निवांत पडलेला. सेंग झटकत नव्हता. पत्ते वाटणारी मुलगी वर बघत नव्हती.

तेवढ्यात लिन मावशी चहाची गाडी ढकलत काठापाशी आली. पाहुण्यांना फुकट चहा, दुधाचा चहा, पाणी वाटत दिवसभर ती दालनातून फिरायची. सोक हानने तिला थांबवलं आणि विचारलं, मावशी, सेंगच्या शेजारी तो कोण बसलाय?

लिन मावशीने मागे वळून पाहिलं.

"कुठे गं?"

"डावीकडे. पांढऱ्या सदऱ्यात."

लिन मावशी तिच्याकडे बघायला लागली, पाळी करून डोळे थकलेल्या माणसाकडे बघतात तसं. ती जागा रिकामी आहे, पोरी, ती म्हणाली. तुझ्या भावानेच अडवून ठेवली आहे. काल सगळं हरत आला होता. मग रात्री त्याने त्या खुर्चीपुढे पैशाची एक चकती ठेवली आणि मोठ्याने म्हणाला, कुणी उपाशी असेल तर ये, बस, जे येईल त्यातलं अर्धं तुझं. टेबलावरचे हसले. मीही हसले. तेव्हापासून हरलाच नाही बघ.

सोक हानने पुन्हा त्या खुर्चीकडे पाहिलं.

"मलाही कामाला लावलंय," लिन मावशी म्हणाली. "मी गेले की दोन कप मागतो. एक स्वतःपुढे, एक त्या खुर्चीपुढे. परत येते तर दोन्ही रिकामे. इतका चहा पितो, एकदा लघवीला उठला नाही तुझा भाऊ."

लिन मावशी गाडी ढकलत निघून गेली.

खाणावळीत कुआन हसत नव्हता. मेंगने हात लांबवून रिकाम्या खुर्चीपुढचा तो कप अलगद उचलला आणि आपल्या थाळीत उपडा घातला. पांगकाकांनी तिच्याकडे पाहिलं आणि पुढे सांगू लागले.

सोक हानने फोन लावला. बंद. पुन्हा लावला. खेळताना फोन वाजला तर डाव फिरतो, म्हणून तो तिथे बसला की फोन बंदच करायचा. तिने गुरुंगला पुन्हा विनवलं. मी आत जाते, तू बघितलं नाहीस म्हण. गुरुंग वर बघून म्हणाला, मी नाही बघितलं तरी ते बघतात, दीदी. त्याने हात आडवा केला. जोर नव्हता त्या हातात. पण हात होता. तिची नोकरी गेली तर घर कशावर चालणार, हे त्यालाही ठाऊक होतं आणि तिलाही.

मग तिने हाक मारली. घरचं नाव. सेंगू.

हाक गालिच्यात जिरली. यंत्रांची गाणी, पत्त्यांची सळसळ, कुठे तरी जिंकलेल्यांचा गलका. तिने पुन्हा मारली. एक अनोळखी बाई वळली आणि परत फिरली. सेंग पुढे वाकलेला. तो हात तिथेच. आता बोटं नीट दिसत होती. लांब होती. सेंगच्या गळपट्टीखाली... आत... जरा आत गेलेली वाटत होती.

तिला रडू येईना. ज्या दालनात तिने हजारो लोकांना पत्ते वाटले, तिथलं एक पाऊल तिला टाकता येत नव्हतं. बाहेर कुठे तरी आई रस्त्याच्या कडेला उकिडवी बसून कागद जाळत असेल, प्रत्येक बसकडे मान वर करून बघत असेल.

आईने लहानपणापासून एक गोष्ट सांगितली होती. रात्री पूर्ण नावाने हाक मारू नये. या महिन्यात तर मुळीच नाही. माणूस खांद्यावरून मागे वळतं, आणि ज्या खांद्यावरून वळेल त्या खांद्यावरचा दिवा आपल्याच श्वासाने विझतो. सोक हानला ते पाठ होतं. अगदी पाठ होतं. आणि तरीही, समोर भाऊ, हातात गार होत चाललेला डबा, मध्ये ते एक पाऊल... तिच्या तोंडून निघून गेलं.

"लाओ ची सेंग!"

दालनातला आवाज तुटला. निदान तिला तसं वाटलं.

नाव एकाचंच घेतलं होतं.

वळले दोघं.

सेंग डाव्या खांद्यावरून वळला. त्याच्या खांद्यावरून तो दुसराही. सेंगचा चेहरा तिला दिसला. त्या दुसऱ्याचा... ती मला म्हणाली, काका, चेहरा होता. होता एवढंच सांगू शकते. भुकेलेला माणूस ताट यायची वाट बघतो ना, तेवढंच होतं त्यावर. बाकी काही नव्हतं.

तिने डोळे मिटले.

उघडले तेव्हा सेंग तिच्याकडे येत होता. त्याच्या शेजारची खुर्ची रिकामी. टेबलावर दोन कप. सेंग एका गालाने हसत होता, लहानपणी चोरी पकडल्यावर हसायचा तसा. डावा पाय जरा ओढत होता. दोन दिवस बसून पायाला मुंग्या आल्या असतील, असं तिला वाटलं. बसल्या ठिकाणी त्याने सगळं टाकलं होतं. चकत्या, उशी, फोन. ती म्हणाली, चल. तो आला. काठ ओलांडून तिच्याजवळ आला, तेव्हा तिला हायसं वाटलं. मिळाला. घेऊन चालले आई, घेऊन चालले.

गुरुंगने त्याला वाट दिली. दोन पावलं मागे सरकून दिली. एका माणसाला लागते त्याहून जास्त.

त्या रात्रीची शेवटची बस माझी होती. ती दोघं चढली ती मला आठवतात, कारण हरलेला माणूस गप्प असतो हे मी रोज बघतो, पण हा तसा गप्प नव्हता. तो डावीकडच्या बाकावर बसला, वाटेकडच्या जागेवर. खिडकीची जागा रिकामी ठेवली. बहीण तिथे बसायला गेली तर त्याने उजवा हात आडवा घातला. ती मागच्या बाकावर बसली. पुढच्या थांब्यावर एक म्हातारी चढली. बस भरली होती. तिने त्याला सांगितलं, बाळा, आत सरक. तो अर्ध्या तोंडाने म्हणाला...

पांगकाका थांबले. जिन्यात वारा घुमला, मग तोही थांबला.

"'धरलेली आहे,'" पांगकाका म्हणाले. "एवढंच म्हणाला."

मला वाटलं, पिलेला आहे. म्हातारी बिचारी उभी राहिली. मी आरशात बघितलं. खिडकीची जागा रिकामी होती. उतरताना मात्र म्हातारी मला म्हणाली, आजकाल पोरं उठत नाहीत हे एक वेळ ठीक, पण तुमच्या बसमध्ये भिजलेल्या माणसांना कशाला घेता? बाहेर पाऊस नव्हता. मी तो विचार सोडून दिला. बस चालवणाऱ्याने सगळंच मनावर घेतलं तर गाडी चालायची नाही.

घराशी आईने शेवटचा कागद विझवला होता. फुटपाथच्या कडेला राख, तीन मेणबत्त्यांचे थोटके, भात, टोफू, मोड आलेली कडधान्यं. सेंगला बघून ती उठली. आधी तिच्या चेहऱ्यावर आनंद आला. मग ती जवळ गेली आणि त्याच्या डाव्या गालावर तळहात ठेवला. तसाच ठेवून राहिली.

"हा गार आहे," ती म्हणाली.

सेंग उजव्या गालाने हसला. डावा हलला नाही. मग तो मेणबत्त्यांवरच खाली बसला, घसरल्यासारखा.

दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं, मेंदूत रक्ताची गाठ. दोन दिवस न झोपता, न हलता बसलेला माणूस. या वयातही होतं. एका गालाने हसत होता तेव्हाच घेऊन यायला हवं होतं. सोक हान म्हणाली, मला वाटलं, तो ओशाळला आहे. डॉक्टर भले होते, त्यांनी पुढे काही विचारलं नाही. तिने हाकेचं सांगितलं नाही. सांगून काय होणार होतं? गाठ ही गाठ असते, तिला नावाने कोण हाक मारतं?

जीव वाचला. डावी बाजू गेली. हात लोंबता, पाय ओढता. आणि आणखी एक गोष्ट होती, ती डॉक्टरांनी मायलेकींना नीट समजावून दिली. त्याच्या डावीकडचं जग त्याच्यापुरतं पुसलं गेलं आहे. डोळे चांगले आहेत, पण डावीकडे काही आहे हेच त्याच्या मनाला कळत नाही. दाढी अर्धी करेल. बशीत वाढलंत तर उजवीकडचं अर्धं खाईल आणि पोट रिकामं असलं तरी म्हणेल, संपलं. अशा रोग्यांचं असंच असतं. घाबरू नका, उरलेल्यासाठी फक्त बशी फिरवून द्या.

"मग?" कुआनने विचारलं. त्याचा आवाज बसला होता. "हे तर डॉक्टरांनीच सांगितलं. मग यात भूत कुठे आहे, काका?"

"मी भूत म्हटलं का?" पांगकाका म्हणाले. "मी जेवणाबद्दल सांगतोय."

थंडीच्या तोंडाशी सेंग घरी आला. त्या रात्रीचं जेवण राहून गेलं होतं, म्हणून आई पुन्हा त्याच दुकानातून बदक घेऊन आली. लहानसं घर त्यांचं. टेबल भिंतीला लावलेलं, चूल पडद्यापलीकडे. आईने डॉक्टरांनी सांगितलं तशी पसरट बशी काढली. भात पसरला, वर बदकाचे तुकडे लावले, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत. सोक हानने सेंगचा डावा हात उचलून टेबलावर ठेवला. ओल्या टॉवेलसारखा जड होता तो.

सेंग उजव्या हाताने जेवला. उजवीकडचंच. मधोमध सुरीने कापावी तशी रेघ राहिली. अलीकडे चकचकीत बशी, पलीकडे भात आणि बदक, जसंच्या तसं. त्याने जेवायच्या काड्या खाली ठेवल्या.

"संपलं," तो म्हणाला.

सोक हानचा जीव तुटला, पण बरंही वाटलं. डॉक्टर म्हणाले होते तसंच होतंय. म्हणजे हा आजार आहे. आजाराला औषध असतं. तिने विचार केला, आधी सूप आणू, मग बशी फिरवू. आई पडद्याआड पातेलं उतरवत होती. सोक हान धरायला गेली. पातेलं मोठं होतं. दोघींनी मिळून उतरवलं. तेवढाच वेळ.

बाहेरच्या खोलीतून सेंगचा आवाज आला नाही. खुर्ची सरकली नाही. काड्या वाजल्या नाहीत. पण आईचा हात पातेल्याच्या कानावर थांबला. ती ऐकत होती.

"कुणी तरी चोखतंय," आई म्हणाली.

सोक हानने पडदा सारला.

सेंग होता तसाच बसला होता. मान उजवीकडे, भिंतीकडे. उजवा हात मांडीवर. डावा तिने ठेवला होता तिथेच. बोट हललेलं नव्हतं. तोंड कोरडं होतं.

बशी रिकामी होती.

पूर्ण. शीत नाही. रसाचा थेंब नाही.

तिने त्याला विचारलं नाही. काय विचारणार? त्याच्या लेखी डावीकडे काही नव्हतंच. ती दारातच उभी राहिली, सूपचा वाडगा हातात, त्या रात्री गालिच्याच्या काठावर उभी होती तशी. आत जायला कुणी अडवत नव्हतं. तरी पाऊल उचलेना.

आई मात्र गेली. तिने बशी उचलली, भाताच्या भांड्याशी नेली आणि पुन्हा वाढली. आधीच्या दुप्पट. परत आणून मुलापुढे ठेवली. मग ती टेबलाच्या डाव्या बाजूला वळून बोलली. तिथे दुसरी भिंत होती, आणि ती भिंत आणि टेबल यांच्या मध्ये एक खुर्ची, जिच्यावर घरातलं कुणी बसत नसे.

"अर्ध्यात माझ्या पोराचं भागत नाही," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "त्याला त्याचं खाऊ दे. तुला मी वेगळं वाढत जाईन."

मग तिची नजर टेबलावर गेली.

बशीच्या डावीकडे, टेबलाच्या अगदी कडेला, बदकाची हाडं होती. चोखून पांढरी केलेली, कोरडी. पत्ते वाटल्यावर खेळणारा आपल्यापुढे मांडून ठेवतो तशी, एकाशेजारी एक, सरळ रांगेत.